पंचाची सही

न्यायालयाच्या आवारातील लिंबाखाली मी अर्ज लिहितो. काल समन्स मुठीत धरून एक भाजीवाला आला. चोरीच्या पंचनाम्यावर त्याची पंच म्हणून सही होती.

"साहेब, मी काय पाहिलं ते लिहून द्या. पाठ करतो."

"काय पाहिलंत?"

"कोरा कागद. हवालदार म्हणाला, कर सही. आता खरं सांगितलं तर मी अडकतो, नाही सांगितलं तर आरोपी."

मजजवळ प्रत्येक प्रसंगाचा मसुदा असतो, याचा नव्हता. सही हाताने होते, साक्ष मात्र अख्ख्या माणसाला द्यावी लागते, एवढेच सुचले. वाक्य मला वाईटही वाटले नाही.

पट्टेवाल्याने त्याचे नाव तिसऱ्यांदा पुकारले, तेव्हा तो उठला. समन्स माझ्याच मेजावर राहिले. उडू नये म्हणून मी त्यावर दगड ठेवला.