चंदेरी रंग फासलेली बंदूक

पोलादपूरच्या कोंडाजीची हयात बंदुका दुरुस्त करण्यात गेली, पण असली घाण त्याने पाहिली नव्हती. महाडच्या दीपकच्या पणजोबांची ठासणीची बंदूक दोन दिवस पुराच्या पाण्यात बुडाली होती. ती साफ करायची सोडून या शहाण्याने गेल्या दसऱ्याच्या पूजेला तिला वरून चंदेरी रंग फासला. आत नळीभर चिखल तसाच कुजत राहिला. कोंडाजीने शिव्या हासडत आठवडाभर रंग खरवडला, चिखल उपसला, तेल चोळलं, तेव्हा कुठे जुनं काळंभोर लोखंड दिसलं.

दीपकचं तोंड उतरलं. "काका, चमक गेली की! दसरा आलाय, परत रंग मारा."

कोंडाजीने उपसलेल्या चिखलाचा डबा त्याच्यापुढे आदळला.

"मग ह्यो पन परत आत भर. तुझाच हाय."