पंख्याच्या पात्यावरची रांगोळी

दर गुरुवारी औदुंबरला जायचा माझा नेम. पण त्या वैशाखात दत्तगुरूंसमोर बसूनही मन थाऱ्यावर राहत नसे. शेजारच्या कमलवहिनींची नलू बारा वर्षांची होती. तिच्या हृदयाची झडप आवळली होती. आमची ओसरी ओलांडली तरी तिचे ओठ निळे पडत. मिरजेच्या डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली आणि खर्चाबरोबर चार बाटल्या रक्ताची सोय करायला सांगितली. नलूला वडील नव्हते, वहिनी स्वतःच अशक्त, आणि मला मधुमेह. सांगलीच्या हळदपेठेत हिशेब लिहिणारा मी; पैशाचं काही सुचत होतं, पण रक्त कुणाकडे मागायचं? त्या काळी नुसतं नाव काढलं तरी माणसं दचकत. दोन मित्रांना विचारून पाहिलं. दोघांनीही पावसाचा विषय काढला.

आमच्या माडीवर चित्रकलेचे मास्तर राहत. ते म्हणाले, “तुमच्या सोप्यात मोठी रांगोळी काढतो. लोकांना बघायला बोलवा. परातीत जे पडेल ते नलूचं.” दोन दिवस पाटावर पोट टेकून त्यांनी दत्तमूर्ती काढली. गायीच्या डोळ्यातलं पाणी सुद्धा चिमटीतून सोडलेलं. वाऱ्याची झुळूक नको म्हणून खिडक्या लावल्या, पंखा बंद ठेवला, बटणावर मी ‘हात लावू नये’ असा कागद चिकटवला. लोक अनवाणी, भिंतीला घासून फिरत, हात जोडत, परातीत नाणं टाकत आणि उकाड्याने लगेच बाहेर पडत. रक्ताचं बोलायला कुणी थांबतच नव्हतं.

दुपारी रहिमतपूरची माझी आत्या आली. तिला अक्षरओळख नव्हती. पदराने वारा घेत तिने सगळ्यांकडे पाहिलं.

“आरं, पावण्यांस्नी घाम फुटलाय आन पंखा बंद ठिवलाय व्हय? लय शाना हाईस!”

मी “आत्या, नको!” म्हणेपर्यंत बटण खाली गेलं होतं.

पंखा आधी कुरकुरला. मग जमिनीवरून भगवा उठला, त्यामागून निळा, मग गायीचा पांढरा. झरोक्यातून येणाऱ्या उन्हाच्या पट्ट्यात ते रंग तरंगत राहिले. मीच पंखा बंद केला, तरी ते उतरायला तयार नव्हते. हळूहळू आमच्या खांद्यांवर, पापण्यांवर, आत्याच्या पांढऱ्या केसांवर बसले. किती वेळ गेला, मला आजही सांगता येत नाही. मास्तर भिंतीला टेकून खाली बसले. मी मनात म्हटलं, देवा, आमच्या घरी तुलाच थांबायचं नव्हतं.

तेवढ्यात सकाळपासून कोपऱ्यातल्या खाटेवर बसवलेली नलू खाली उतरली. फरशीवर सगळे रंग मिसळून करवंदी धूळ झाली होती. तिने चिमूट उचलली आणि लक्ष्मीची दोन लहान पावलं काढली. दम लागला म्हणून थांबली, मग आणखी दोन. कमलवहिनी तिच्याशेजारी बसल्या. मग बघायला आलेल्या बायका बसल्या. पावलं काढायला कुणी शिकवावं लागतं का? आत्या डोळे पुसत म्हणाली, “सरा गं, माझंबी एक हुं द्या.” आलेलं कुणी जाईना. दारातून खाकी पँटमधला एक तरुण डोकावला. जतकडचा, पलटणीतून सुट्टीवर आलेला, गर्दी बघून थांबलेला. त्यानेही वाकून एक ओबडधोबड पाऊल काढलं.

“ह्ये तर बुटाचं झालं की!” आत्या म्हणाली, आणि सगळे हसले.

“कुणासाठी चाललंय ह्ये?” त्याने विचारलं. कमलवहिनींनी पावलं काढता काढता सगळं सांगितलं, रक्ताचं सुद्धा.

“मग माझं घ्या की, वैनी. पलटणीत देतोच आमी.”

“अशक्तपणा येतो म्हणतात,” कुणीतरी पुटपुटलं.

“मी काय मेल्यावानी दिसतोय व्हय?” त्याने दंड दाखवला.

पुन्हा हशा झाला. हसता हसता मास्तर म्हणाले, “माझंही घ्या.” मग पावसाचा विषय काढणाऱ्या दोघा मित्रांतला एक उठला, आणि त्याची बायको त्याच्याही आधी. दुसऱ्या सकाळी मिरजेच्या गाडीत आम्हाला बसायला जागा पुरली नाही.

ऑपरेशन झालं, नलू घरी आली. पलटणीतल्या त्या तरुणाचं नाव विचारायचं राहून गेलं. प्रत्येक गोष्ट लिहून ठेवणाऱ्या माझ्याकडून. याला चमत्कार म्हणा असं मी कुणाला सांगत नाही. मूर्ती टिकली असती तर लोक हात जोडून निघून गेले असते, एवढंच मला कळतं. मी दत्तगुरूंकडे मागत होतो तेही आकडा धरून आणि वाट ठरवून. त्या दुपारी माझ्या हातून दोन्ही सुटलं, तेव्हा कुठे त्यांना यायला जागा झाली. आता मी औदुंबरला काही न मागता बसतो.

पुढच्या उन्हाळ्यात एके दिवशी नलू ओसरीवरून धावत आत आली. ओठ गुलाबी. “काका, पंखा लावू?” म्हणत तिने बटण दाबलंही. त्या दुपारपासून बंदच ठेवलेल्या पंख्याच्या पात्यावरून चिमूटभर भगवा सुटला आणि तिच्या केसांवर पडला. मी झटकायला हात उचलला, आणि तसाच तिच्या डोक्यावर ठेवला.