फेल्टखाली झाकलेलं पान

वसई पूर्वेला माझी शेड होती. तिथे बावीस वर्षं मी तोंडाने काच फुगवून उभे दिवे केले. जमिनीवर माणसाएवढे उभे राहणारे, खाली लाकूड आणि वर काच. त्यांच्यासाठी माझं फार कौतुक झालं. त्या कौतुकाच्या मुळाशी असलेलं माझं एक वाक्य खोटं होतं. आता सत्त्याहत्तराव्या वर्षी ते दुरुस्त करतो आहे.

लाकडाचं काम जवळच्या वटार गावचे एक मिस्त्री करत. घरी त्यांची गावची बोली, माझ्याशी शाळेतली मराठी. सुरुवातीला मी काचेचा गोळा वेगळा फुगवून पितळी कड्याने खांबावर बसवायचो. एकदा ते कडं बोटावर फिरवत ते म्हणाले, "काचवाले, हे कशाला? लाकडातच फुगवा की."

मी हसलो. भट्टीतली लालभडक काच लाकडात घातली तर उरेल काय? त्यांनी वाद घातला नाही. वाडीत पडलेल्या फणसाचं खोड आणलं, टोकाला ओंजळीएवढी खोबण कोरली आणि ते टोक चार दिवस पाण्यात बुडवून ठेवलं. मग मी नळीवरची तापलेली काच त्यात उतरवून फुंकली. वाफ फुसफुसत वर आली. काच त्या वाफेवरच टेकली आणि खोबणीचा आकार घेऊन बसली. लाकूड फक्त वरवर काळं पडलं.

काच लगेच काढून भट्टीत सावकाश निववायची. लाकूड सावलीत महिनाभर वाळून आक्रसलं की मिस्त्री आतला काळा थर बेताने खरवडत. काच परत ठेवली की ती डुगडुगत नसे आणि अडकतही नसे. त्यासाठी त्यांनी कधी मोजपट्टी घेतलेली मी पाहिली नाही. अंगठा फिरवला की त्यांना कळायचं.

पहिला दिवा लावला तेव्हा भिंतीवर फणसाच्या लाकडाच्या रेषा पडल्या. काचेवर त्यांचे ठसे उमटले होते. जन्मभर काचेत काढूनही असं काही मला सुचलं नव्हतं.

मुंबईच्या प्रदर्शनात एका बाईंनी विचारलं, ही कल्पना कोणाची? मी म्हणालो, माझी. मिस्त्री मागे वायर गुंडाळत होते. परतताना टेम्पोने नायगाव गाठलं. मग ते बाहेर बघत म्हणाले, "कल्पना चांगली आहे हो तुमची." तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

प्रत्येक दिव्याच्या तळाला ते आपली खूण कोरत: केळीचं पान, मधे शीर, दोन्ही बाजूंना तीन तीन काप. प्रदर्शनानंतर ते घरी गेले की मी त्यावर फेल्ट, म्हणजे जाड लोकरी कापड, चिकटवू लागलो. लादीला ओरखडे पडू नयेत म्हणून, असं गिऱ्हाइकांना सांगायचो. एक दिवा दुरुस्तीला परत आला तेव्हा त्यांनी ते पाहिलं. पुढच्या दिव्यापासून पान जास्त खोल कोरलेलं असे. फेल्ट दाबताना ते माझ्या अंगठ्याला लागायचं, तरी मी दाबायचो.

यंदा नाताळात वटारला गेलो. मिस्त्रींचे हात आता थरथरतात. पहिला दिवा, शेड बंद करताना मी फेल्टसकट दिलेला, त्यांच्याच घरात आहे. त्यांच्या नातीने सहज विचारलं, "आजोबा फक्त खालचा खांब करायचे ना?"

मी काच उतरवून बाजूला ठेवली, नातीच्या मदतीने खांब आडवा केला आणि तळाचं फेल्ट ओढून काढलं. मग कड्यापासून टेम्पोपर्यंत सगळं तिला सांगितलं. तिने पानावरून बोट फिरवलं. मिस्त्री म्हणाले, "सावकाश उभा करा. काचवाल्यांची काच आहे."

माझ्याकडून घेतलेला दिवा तुमच्या घरी असेल तर काच आधी उतरवा, खांब आडवा करा आणि फेल्ट काढा. खालचं पान ज्यांचं, दिवा त्यांचा आहे. मी फक्त फुंकर घातली.