अक्कांची पणजी

अक्कांचा आवाज इतका बारीक होता, की त्या बोलायला लागल्या की मुली खुर्च्या पुढे ओढून बसत. माझ्या हातात माईक असायचा, तरी मागच्या बाकांवर मोबाइल चाललेले असायचे. चेन्नईजवळच्या तांबरमच्या आमच्या कॉलेजात मी प्राध्यापक आणि अक्का ग्रंथालयात पुस्तकं देणाऱ्या-घेणाऱ्या. हेवा करावा असं कागदोपत्री काहीच नव्हतं. मला मात्र तो रोज वाटायचा.

त्या तंजावरकडच्या मराठी. मी पुण्याची, म्हणून मला 'प्रोफेसरबाई' म्हणायच्या. कुठलंही पुस्तक मागितलं की "सरी, पाहूं" म्हणजे 'बरं, बघते' असं म्हणून चष्मा न लावता नेमकं काढून द्यायच्या. मुली शंका घेऊन आधी त्यांच्याकडे जात आणि मग माझ्याकडे यायची त्यांना गरजच उरत नसे.

आशियाई बाई म्हणजे लाजरी, मुकी, ऐकण्यातली, ही समजूत जगात आली कुठून, हा माझा अभ्यासाचा विषय. त्यासाठी मी दरवर्षी एक जुनं पोस्टकार्ड पडद्यावर दाखवायची. साहेबाच्या काळात मद्रासच्या स्टुडिओत काढलेला फोटो. लुगडं नेसलेली बाई, नजर जमिनीला लागलेली, खाली इंग्रजीत छापलेलं, 'लाजाळू हिंदू सुंदरी'. फोटोग्राफरनेच तिला मान खाली घालायला लावली, असं मी ठासून सांगायची.

एकदा कसलीशी यादी द्यायला अक्का वर्गात आल्या आणि दारातच थांबल्या. तास संपल्यावर हळूच म्हणाल्या, "ती आमची पणजी. लाजत नाहीं हो ती. लेकराला बघते."

दुसऱ्या दिवशी त्यांनी घरचा मूळ फोटो आणला. बाईच्या पायाशी तिच्या निऱ्या धरून उभं राहू बघणारं एक तान्हं होतं. कार्ड छापणाऱ्याने तेवढंच कापलं होतं.

"या कार्डासाठी इतकी वर्षं तुमच्याकडूनच पुस्तकं नेतेय, बोलला का नाहीत?"

"तुम्ही विचारलंत कुठे?"

माझा नुसता जळफळाट झाला. सात वर्षं पुस्तकं धुंडाळून मला जे मिळालं नाही, ते यांच्या घरी भिंतीवर टांगलेलं होतं. मी फोटोची प्रत मागितली, त्यांनी लगेच दिली. मी निबंध लिहिला, त्याचं खूप कौतुक झालं. फोटोखाली मी छापलं होतं, 'एका खासगी संग्रहातून'.

कॉलेजात येणारं प्रत्येक नियतकालिक अक्का आधी चाळत. निवृत्तीच्या दिवशी त्या माझा हात धरून म्हणाल्या, "बरवं लिहिलंत. लेकरू आईजवळ आलं." भांडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

गेल्या वर्षी अक्का गेल्या. हेवा काही गेला नाही. या जूनमध्ये मी पूर्ण फोटो पडद्यावर लावला, तेव्हा वर्ग पहिल्यांदाच गप्प झाला. एका मुलीने विचारलं, "मॅम, हा तुम्हाला कुठे मिळाला?"

त्यांचं नाव अगदी ओठांवर आलं होतं.

"एका खासगी संग्रहात," मी म्हटलं आणि मान खाली घालून लॅपटॉप बंद केला.