चाळीसचा फलक

दसऱ्यानंतरच्या सोमवारी सकाळी सव्वाआठच्या सुमारास आमच्या गावच्या फाट्यावर रस्ता ओलांडताना माझ्या चुलत्यांना भाजीच्या पिकअपने धडक दिली. त्यांचा उजवा पाय दोन ठिकाणी मोडला. हातातली दुधाची किटली पलीकडच्या नालीत सापडली. पिकअप झरीहून परभणीच्या मंडईला निघाले होते. चालक पळाला नाही. त्यानेच दोघांच्या मदतीने त्यांना गाडीत घालून परभणीच्या दवाखान्यात नेले.

मी एका दैनिकाचा ग्रामीण वार्ताहर आहे. फाट्यावर पोहोचलो तेव्हा पिकअप निघून गेले होते. रस्त्यावर काच आणि चार-दोन वांगी पडली होती. सवयीने मी सगळ्या बाजूंनी फोटो काढले आणि मग दवाखान्यात गेलो. संध्याकाळी चार ओळींची बातमी दिली. बातमीत होते ते सगळे खरे होते. एक गोष्ट तिच्यात नव्हती.

ती सांगायची तर आधी रस्त्याचे सांगावे लागेल. जुन्या डांबरी रस्त्यावर वेग खड्डे ठरवायचे. तीन वर्षांपूर्वी रस्ता सिमेंटचा झाला, रुंद झाला, आणि त्यावर ऐंशीचे फलक लागले. गाव रस्त्याच्या एका बाजूला आणि निम्मी शेती दुसऱ्या बाजूला. चुलत्यांचा गोठाही पलीकडेच. ते दिवसातून दोनदा किटली घेऊन रस्ता ओलांडत. फाट्यापुरती वेगमर्यादा चाळीस करावी, हा अर्ज त्यांच्या डोक्यातला. लिहून दिला मी.

अर्जावरून रस्त्याच्या कार्यालयाचे एक अभियंता ग्रामपंचायतीत आले. तरुण होते, बोलणे सरळ होते. ते म्हणाले, "चाळीसचा बोर्ड लावणं सोपं आहे. पण सरळ, मोकळ्या रस्त्यावर एक जण चाळीसनं जातो, मागचा ऐंशीनं येतो, आणि मागचा पुढच्यावर आदळतो. जी मर्यादा कुणी पाळत नाही, ती नसलेली बरी, असं आमच्याकडे काही जणांचं मत आहे."

गावातल्या जीपवाल्याला हे पटले. तो परभणीच्या फेऱ्या मारतो. तो चुलत्यांना म्हणाला, "आप्पा, चाळीसनं जायाचं तर मी बैलच जुंपतो की जीपला. पाशिंजर म्हणतेत, उतरव बाबा, चालत जातो."

"मग चालतच ये एकदा," चुलते म्हणाले. "हातात किटली घे आन् वलांडून दाव. तुला ऐंशी म्हंजी काय ते तवा कळंल."

लोक हसले. अभियंताही हसले. त्यानंतर मी या मागणीच्या चार बातम्या दिल्या. पावसाळ्याच्या तोंडाला झरीकडच्या बाजूने फलक लागला. पांढरा गोल, लाल कडा, आत ४०. चुलत्यांनी खांबापुढे नारळ फोडला आणि खांबाला भस्माचे तीन पट्टे ओढले.

आमच्या गावात श्रावणात शिवनाम सप्ताह असतो. चुलते सप्ताहाच्या कमिटीचे अध्यक्ष. दरवर्षी फाट्यावर बॅनर लागते, कारण बाहेरगावची मंडळी तिथूनच वळतात. बॅनरचा मजकूर दरवर्षी मी लिहितो. या वर्षीच्या बॅनरवर मठाच्या महाराजांचा मोठा फोटो होता, खाली रोजच्या कार्यक्रमाच्या वेळा. बांधायला दोन मजबूत खांब लागतात. फाट्यावर तसे दोनच आहेत, एक गावाच्या नावाचा आणि दुसरा चाळीसचा.

चुलत्यांनी चाळीसच्या खांबाकडची दोरी धरली, कमिटीतल्या एकाने दुसरी. मी रस्त्याच्या पलीकडे उभा राहून बॅनर सरळ आहे का ते पाहत होतो. मी म्हणालो, "आप्पा, तुमची बाजू खाली आली. अजून हातभर वर घ्या." त्यांनी वर घेतली. त्या हातभरात फलक बॅनरमागे गेला. त्या वेळी मी बॅनरवरच्या वेळा वाचत होतो. फलकाकडे माझे लक्ष गेले नाही. चुलत्यांचे गेले होते. ते त्यांनी मला नंतर सांगितले. सातच दिवसांचा प्रश्न आहे, असे त्यांना वाटले होते.

सप्ताह संपला. बॅनर राहिले. इतर बॅनर कोणीही ओढून काढते, नाहीतर वाऱ्याने फाटते. याच्यावर महाराजांचा फोटो होता. तो खाली पडता कामा नये, पायाखाली येता कामा नये. काढायचे ते स्नान करून, बेलफूल वाहून, घडी घालून मठात न्यायचे, आणि सोमवारीच, असे ठरले. एका सोमवारी पाऊस होता. एका सोमवारी कमिटीतल्या कोणाकडे सुतक होते. मग सोयाबीनची काढणी आली. चुलते म्हणत, "येत्या सोमवारी काढू." मी रोज मोटारसायकलवरून त्या बॅनरसमोरून जात होतो.

अपघात सोमवारीच झाला. दुपारपर्यंत कमिटीच्या दोघांनी आंघोळ करून बॅनर उतरवले आणि मठात नेले.

मंगळवारी पोलीस ठाण्याचे जमादार पंचनाम्याला आले. सोबत पिकअपचा चालक होता. झरीचा, चाळिशीचा, गाडी मालकाची. जमादारांनी लिहिले, वेगमर्यादेचा फलक लांबून स्पष्ट दिसतो. चालक म्हणाला, "जमादारसाहेब, काल हितं बोर्ड न्हवता. महाराजांचा फोटो व्हता. मी फोटोला हात जोडले आन् म्होरं बघितलं तर म्हातारा."

"म्हंजी दोनी हात सोडले व्हते?" जमादारांनी विचारले.

"एकच जोडला, साहेब."

कोणीतरी हसले. चालकाने सभोवार पाहिले. "सांगा की कुनीतरी. तुमचंच बॅनर व्हतं." तो जीपवाल्याकडे वळला. "दादा, तुमी तर रोज जायलाव हितून."

जीपवाला म्हणाला, "माझं कोन ऐकतंय? मी ऐंशीवाला." आणि तो जीपकडे गेला.

मी तिथेच उभा होतो. मीही काही बोललो नाही. पंचनाम्यावर पंचांच्या सह्या झाल्या. जाताना चालक माझ्याजवळ थांबला. मी जखमीचा पुतण्या आहे हे त्याला माहीत होते. तो म्हणाला, "म्हाताऱ्याचं लय वाईट वाटायलंय. पन बोर्ड बघून बी पळवली असं लागलं तर लायसन जाईल. मला दुसरं काई येत न्हाई."

माझ्या फोनमध्ये सोमवारचे फोटो होते. त्यांतल्या तीन फोटोंत बॅनर दिसत होते. एकात बॅनरच्या वरच्या कडेला फलकाची लाल कड बोटभर दिसत होती.

बुधवारी ते फोटो मी दवाखान्यात चुलत्यांना दाखवले. पाय वजनाला टांगलेला होता. काकू उशाशी बसून मोसंबी सोलत होती. चुलत्यांनी फोन डोळ्यांजवळ धरून बराच वेळ पाहिला.

"हे कुनाला दिलं?"

"अजून नाही."

"देऊ नको. हे बघितलं तर हापिसवाले म्हनतेल, गावालाच बोर्ड नको हाय, काढा. परत ऐंशी. माझा पाय मोडला तो मोडला. उद्या शाळेतलं लेकरू जाईल."

मी म्हणालो, "आणि त्या ड्रायव्हरचं?"

त्यांनी फोन माझ्या हातात परत दिला. काकू म्हणाली, "त्यानं उचलून आनलं तुमाला. गाडीत भाजीवर निजवलं. वाटंनं तीनदा पानी पाजलं म्हनं. तुमीच सांगितलं मला."

"सांगितलं. म्हनून काय झालं?"

"काई न्हाई. वांगी बी त्याची गेली."

"तू मोसंबी सोल."

काकूने सोललेली फोड त्यांच्या हातावर ठेवली. ती त्यांनी खाल्ली नाही. मी निघालो तेव्हा 'देऊ नको' असे ते पुन्हा म्हणाले नाहीत, मीही विचारले नाही.

गुरुवारी सकाळी मी ठाण्यात गेलो आणि जमादारांना फोटो दाखवले. त्यांनी वेळ तपासली. "मंगळवारी तुमी तिथंच उभे व्हते. तवा कामून बोलले न्हाई?"

"तुम्ही विचारलं नाही."

"तुमी पत्रकार. आमी इचारायच्या आधीच सांगत असता," ते म्हणाले, आणि कागद पुढे ओढला. माझा जबाब झाला. बॅनर किती वर घ्यायचे ते मी सांगितले होते, हेही मी त्यात लिहायला लावले.

चुलत्यांचा जबाब शनिवारी दवाखान्यात झाला. मी हजर नव्हतो. काकू होती. तिने सांगितले ते असे. जमादारांनी विचारले, बॅनर कोणी बांधले? चुलते म्हणाले, "कमिटीनं. कमिटीचा अध्यक्ष मी. बोर्ड झाकला ते मला दिसलं व्हतं. पन लिहा, बोर्ड काढायचा न्हाई."

जमादार म्हणाले, ते या कागदात बसत नाही.

"बसवा," चुलते म्हणाले.

जबाबाची नक्कल मी नंतर पाहिली. शेवटचे वाक्य त्यात आहे.

फोटो आणि दोन्ही जबाब प्रकरणाला जोडले आहेत. चालकाचा परवाना त्याच्याकडेच आहे आणि तो गाडी चालवतो. प्रकरणाचा निकाल लागलेला नाही. रस्त्याच्या कार्यालयाने ग्रामपंचायतीला पत्र पाठवून विचारले आहे की फाट्यावरची चाळीसची मर्यादा ठेवावी की पूर्ववत ऐंशी करावी, याबाबत गावाचे म्हणणे कळवावे. ग्रामसभा दोनदा बोलावली. दोन्ही वेळा गणसंख्या भरली नाही. चुलते वॉकरवर चालतात. रस्ता ते ओलांडत नाहीत, दूध काकू आणते. काल सकाळी साडेसात वाजता फलक जागेवर होता आणि त्यावर काही बांधलेले नव्हते.