मातेचा रथ दारावरून गेला तेव्हा

भाद्रपदात मेरीमातेचा रथ तंजावरच्या रस्त्यांवरून निघायचा. मी सिस्टरांच्या शाळेत शिकायचे, आणि पन्नासचं दशक सरता सरता एका वर्षी रथापुढे चालणाऱ्या देवदूतांत माझी निवड झाली. मग काय विचारता!

कपडे मात्र पांढरे हवे होते. "सणासुदीला पोरीला पांढरं? काही तरीच!" आई कडाडली. मीही कमी नव्हते, जेवायलाच बसले नाही. शेवटी आत्यानं आपल्या ठेवणीतलं पांढरं लुगडं कापून मला झगा शिवला. आत्या म्हणजे आप्पांची धाकटी बहीण, विसाव्या वर्षी विधवा झालेली. आमच्या देवाची पालखी दारात आली की तिनं समोर यायचं नाही, आत जाऊन बसायचं, अशी रीत. मला त्या रीतीचा अस्सा राग यायचा! "या वेळी तू बाहेर उभं राहायचंस," मी तिला बजावलं. "मी तुला हात करणार आहे." ती नुसती हसली, हो म्हणाली नाही.

त्या संध्याकाळी आईनं माझ्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावलं. सिस्टरांनी बघून न बघितल्यासारखं केलं. मेणबत्त्या, ऊद, मोगरा, मधूनच बँड. पाठीवरचे चंदेरी कागदाचे पंख वाऱ्यानं फडफडत होते, आणि मी चालतेय की तरंगतेय तेच कळत नव्हतं. लोक नवसाचं मीठ-मिरं रथावर उधळत होते. रोजची ओळखीची घरं त्या धुरात परक्या गावातली वाटत होती. आमचं घर जवळ आलं तशी मी मान उंच करून बघू लागले. आत्या नसली तर?

आत्या होती. दारापुढच्या तिण्णैवर, म्हणजे ओट्यावर, सगळ्यांच्या पुढे, हात जोडून उभी. हा देव आपला नव्हे, म्हणून तिला आत जा म्हणायचं कोणाला सुचलंच नव्हतं. मी हात केला. तिनंही केला, अगदी डोक्याच्या वर, लहान पोरीसारखा. देवदूतानं रडू नये म्हणतात, पण मी रडले बाई.

पुढच्या महिन्यात, नवरात्रात, आमच्या देवीची पालखी आली. कोणी काही बोलायच्या आतच आत्या उठली आणि मागच्या खोलीत गेली. आई मला ओढत होती, "अग, पालखी दारात आली, चल!" मी हात सोडवून घेतला आणि आत्याच्या शेजारी जाऊन बसले. बाहेर नादस्वरम वाजत होतं.

"जा ग, पाप लागेल," आत्या म्हणाली.

मी म्हटलं, "लागू दे."