पाण्याच्या जागेवरचं मशीन

नमस्कार मंडळी. या ग्रुपवर मी आजवर फक्त वाद घालायला यायचो, हे जुन्या मेंबरांना ठाऊक आहे. कुणी हडळ म्हटलं की ‘फोटो टाका’ म्हणणारा तो मीच. रोह्याच्या एका केमिकल कंपनीत मेंटेनन्समध्ये आयुष्य गेलं... व्हॉल्व, पंप, गॅस्केट. पाणी कमी झालं म्हणजे कुठेतरी गळतंय, एवढंच माझं अध्यात्म.

आमचं घर मुरुडला, नारळी-पोफळीच्या वाडीत. घरात मी, बायको वैदेही आणि आई. आईच्या किडन्या निकामी झालेल्या. डायलिसिसला अलिबागला न्यायचो. डॉक्टरांनी पाण्यावर बंधन घातलं होतं — दिवसाला एक लहान बाटली, चहा-आमटी धरून. जास्त झालं की अंगावर सूज, छातीत पाणी. कोकणातल्या उन्हाळ्यात आईला पाणी मोजून द्यायचं... शत्रूवरही ही वेळ येऊ नये.

तिचं करता करता वैदेहीचं कंबरडं मोडलं, म्हणून पुण्याला असलेल्या आमच्या मुलीने डिशवॉशर पाठवला. नळ आणि ड्रेनेज दोन्ही जवळ अशी जागा एकच होती — घडवंचीवर पिण्याच्या पाण्याचे हंडे-कळश्या असायच्या ती. घडवंची पडवीत काढली, मशीन बसवलं. लग्न होऊन आल्यापासून आई त्या जागेला रोज हळदकुंकू लावायची. पाण्याची जागा म्हणजे आमच्याकडे देवघराच्या खालोखाल. दुसऱ्या दिवशी ती भिंत धरत धरत गेली आणि मशीनलाच हळदकुंकू लावून, वर जास्वंद ठेवून आली.

मी हसलो. “आई, त्यात खरकटी भांडी जातात.”

“जागा तीच आहे ना?” ती म्हणाली.

मशीनमध्ये पाणी भरेना. नळाला जोर चांगला, इनलेटची जाळी स्वच्छ, पाइपला पीळ नाही, फ्लोट मोकळा. व्हॉल्व उघडल्याचा आवाजही यायचा... पण आत तळ ओला व्हायचा, तेवढाच. ड्रेनचा पाइप बादलीत सोडून पाहिला, बादली कोरडी. फरशी कोरडी. अलिबागहून मेकॅनिक आला. त्याने व्हॉल्व बदलला आणि उकिडवा बसून कान लावून ऐकत राहिला.

“काका, पानी आत येतंय. वरची टाकीपन उतरतेय. पन मशीन भरत न्हाय. जातंय कुठं, ते मला इचारू नका.”

त्याच सुमारास आईचं वजन वाढायला लागलं, म्हणजे अंगात पाणी साठत होतं. डायलिसिसच्या सिस्टर माझ्यावर करवादल्या, “यांना पाणी कोण देतंय?” मला वैदेहीचा संशय आला. जेवताना विचारलंच. तिने ताट बाजूला सारलं.

“रोज तळमळताना बघते मी त्यांना. द्यावंसं वाटतं. पण दिलं नाही, अहो.”

मग एका दुपारी मी पुन्हा मशीन लावून आवाज ऐकत बसलो होतो, तेवढ्यात वैदेहीने माजघरातून हाक मारली. आई पडून होती, डोळे मिटलेले, हनुवटी ओली. गळ्याची घाटी खालीवर होत होती, घोटामागून घोट घेतल्यासारखी. जवळ भांडं नाही, बाटली नाही. मी धावत जाऊन मशीनचा नळ बंद केला. परत आलो तर आई पदराने तोंड पुसत होती.

“पाणी प्यायले रे.”

“कुणी दिलं?”

“द्यायला कशाला हवं कुणी? माझ्या जागेवरचं प्यायले.”

मी तो नळ बंदच ठेवला... आणि वजन ताब्यात आलं. फॉल्ट सापडला की आमच्यासारख्याला आनंद होतो. मला मात्र रडू आलं, कारण तिची तहान परत आली. मी बर्फाचा खडा ओठाला लावायचो. ती तो चघळायची आणि म्हणायची, “विन्या, माझी जागा का बंद केलीस?”

पुढे तिचं हृदयच थकलं. डॉक्टर म्हणाले, “घरी न्या. आता मागतील ते द्या.” द्यायची मोकळीक मिळाली, तेव्हा तिला गिळता येईना. तुळशीपत्राने घातलेलं पाणी ओठांच्या कडेने उशीवर ओघळायचं. मुलाने पाजायचं शेवटचं पाणी, तेही मला जमेना. ओठ फुटलेले, नजर माझ्यावर.

मी उठलो. नळ उघडला. वैदेहीने हळदकुंकवाचा करंडा पुढे केला, तेही लावलं आणि रिकामं मशीन सुरू केलं. व्हॉल्वचा आवाज आला. वैदेही माजघराच्या दारातून म्हणाली, “अहो... गिळतायत त्या.” मी मशीनवर हात ठेवून तिथेच उभा राहिलो. हात काढला तर बंद पडेल, असं वाटत होतं. बऱ्याच वेळाने आत पाणी खळाळायला लागलं. मशीन पहिल्यांदाच भरलं होतं. काय झालं ते कळायला मला माजघरात जावं लागलं नाही.

आमच्याकडे दहा दिवस दिव्याशेजारी पाण्याचं भांडं ठेवतात. माणूस तहानलेला गेला असेल तर ते उतरतं, म्हणतात. ते शेवटपर्यंत काठोकाठ होतं. भर उन्हाळ्यात उघडं पाणी थोडं तरी आटायला हवं, पण तेही नाही.

मशीन आता ठणठणीत चालतं, मेकॅनिक सांगून गेला. आम्ही ते लावत नाही. एवढे दिवस पाणी कुठे जात होतं, याचं उत्तर माझ्याकडे नाही, तुमच्यापैकी कुणाकडे असेल असंही वाटत नाही. नळ बंद ठेवला तेवढे दिवस मी आईला जगवलं की नुसतं तहानलेलं ठेवलं... तेही मला कुणी सांगू शकत नाही.